कस्टम ऑर्डर द्यायच्या आधी घरातली गिटार मोजा

इंदूरहून एका वाचक बाईंचं पत्र आहे. वय ४१, शाळेत शिकवतात. पंधरा वर्षं एकच ड्रेडनॉट (मोठ्या पेटीची) गिटार वाजवतात, पिक न घेता, बोटांनी, आणि सोबत स्वतः गातात. वाजवणं मुख्यतः घरी, वर्षातून दोन-तीनदा गणेशोत्सव, कोजागरी असे कार्यक्रम. हात लहान आहेत. एफ कॉर्ड धरताना अंगठ्याचं मूळ दुखतं आणि तासाभरानं उजवा खांदा अवघडतो. मुदत ठेव सुटली आहे, त्यातले तीन लाख त्यांनी "एकदाच, आयुष्यभराची गिटार" घ्यायला बाजूला काढलेत. समोर दोन कोटेशनं आहेत. एक परदेशी कंपनीच्या कस्टम विभागाचं, डीलरमार्फत: २ लाख ९० हजार, नऊ महिने थांबायचं. दुसरं गोव्याकडच्या, एकट्यानं काम करणाऱ्या कारागिराचं: १ लाख ५५ हजार, निम्मे आगाऊ, "सहा महिन्यांत होईल." मिस्टर म्हणतात कंपनीची घे, उद्या विकता तरी येईल. धाकटा भाऊ म्हणतो यंत्रानं कापलेल्या लाकडात जीव नसतो, हातचीच घे. बाईंना मागची आणि बाजूची फळी रोझवुडची हवी आहे, आणि बाराव्या फ्रेटवर (फ्रेट म्हणजे नेकवरच्या, गिटारीच्या गळ्यावरच्या, आडव्या धातूच्या पट्ट्या) शिंपल्यात मुलीचं नाव. दोन्हींकडची एकही गिटार त्यांनी अजून वाजवून पाहिलेली नाही. कुठली घेऊ, असा प्रश्न आहे.

नमस्कार.

पत्रातलं सगळ्यात कामाचं वाक्य तुम्ही जाता जाता लिहून गेलात: एकही वाजवून पाहिलेली नाही. पाहणार तरी कशी, दोन्ही अजून फळ्यांतच आहेत. म्हणजे सध्या तुलना चालली आहे ती दोन कागदांची, आणि कागदावर सगळ्याच गिटारी सुरेल असतात. मिस्टर आणि भाऊ ज्यावरून भांडतायत तो प्रश्न नंतरचा. आधी तुमच्या अंगठ्याचं बघू.

अर्ध्या मिलिमीटरच्या खुणा असलेली एक स्टीलची पट्टी आणा. आहे ती गिटार सुरात लावा, वाजवताना धरता तशीच मांडीवर धरा आणि बाराव्या फ्रेटच्या माथ्यापासून तारेच्या खालच्या कडेपर्यंतचं अंतर मोजा. जाड सहाव्या तारेखाली २.२ ते २.५ मिमी आणि बारीक पहिल्या तारेखाली १.७ ते २ मिमी असेल, तर बोटांनी वाजवणाऱ्याला ते चालतं. वर्षानुवर्षं सेटअप (तारांची उंची आणि नेक जुळवून घेणं) न झालेल्या ड्रेडनॉटवर तिथे साडेतीन, चार मिमी सापडणं अगदी नेहमीचं. मग सहावी तार पहिल्या आणि चौदाव्या फ्रेटवर एकाच वेळी दाबून धरा आणि सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तारेखालची फट बघा. ती ०.१ ते ०.२५ मिमी असावी. साधं व्हिजिटिंग कार्ड साधारण ०.३ मिमी जाड असतं. ते तिथून ढिलं सरकत असेल तर नेक गरजेपेक्षा जास्त वाकली आहे आणि ट्रस रॉड (नेकच्या आतली सळई) पाव-अर्धा फेरा आवळायला हवा.

तिसरी चाचणी खास एफसाठी. पहिल्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा) लावा आणि एफचा तोच आकार एक घर पुढे धरा. एकदम सोपं वाटलं, तर दोष तुमच्या हाताचा नाही, नटाचा, म्हणजे नेकच्या वरच्या टोकाशी तारा ज्या खाचांतून जातात त्या पट्टीचा आहे. नटाच्या खाचा उथळ राहिल्या की पहिल्या घरात तारा उंच राहतात, आणि एफची बारे (एका बोटानं सगळ्या तारा दाबणं) नेमकी त्याच घरात पडते. कॅपो नटाला खेळातून बाहेर काढतो, म्हणून फरक लगेच बोटांना कळतो. खाचा उतरवणं जाणकाराला अर्ध्या तासाचं काम, पण घरी कानस घेऊन बसू नका. केसभर जास्त उतरली की मोकळी तार पहिल्या फ्रेटवर झणझणते आणि मग नटच नवा.

तारा कुठल्या लावता तेही पत्रात नाही. दुकानदार न विचारता १२-५३ चा संच देतात (सगळ्यात बारीक आणि सगळ्यात जाड तारेची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागात). सहा तारांचा मिळून ताण ७० किलोच्या वर जातो. ११-५२ चा संच लावला तर तो जवळजवळ दहा टक्क्यांनी उतरतो. कस्टमच्या फॉर्मवर तुम्ही ६४८ मिमीऐवजी ६३२ मिमीची छोटी स्केल (नटापासून पेटीवरच्या ब्रिजपर्यंत, म्हणजे घोडीपर्यंत, तारेची लांबी) मागितली आहे. त्यानं त्याच तारांचा ताण पाचेक टक्केच कमी होतो. घरांमधलं अंतर थोडं घटतं हा फायदा वेगळा, लहान हाताला तो जाणवतो. पण "तारा मऊ हव्यात" एवढ्यासाठीच स्केल बदलत असाल, तर तारांचं एक पाकीट त्याहून जास्त काम करतं.

खांद्याचं कारण मात्र सेटअपनं जाणार नाही. ड्रेडनॉटची बॉडी खालच्या फुगवट्यावर ३९७ मिमी रुंद आणि १२४ मिमी खोल असते. मार्टिन कंपनीनं हा आकार १९१६ साली एका विक्रेत्यासाठी काढला आणि नाव ठेवलं एका ब्रिटिश युद्धनौकेचं, त्यावरून अंदाज करा. गाणाऱ्याच्या मागे दणदणीत ठोक्यांची साथ हे तिचं काम. बोटांनी वाजवणाऱ्या, लहान चणीच्या माणसाला ओएम किंवा ट्रिपल-ओ हा आकार अंगाला बसतो: ३८१ मिमी रुंद आणि १०५ मिमी खोल. फुगवट्यावरचा दीड सेंटीमीटर नव्हे, खोलीतले जवळजवळ दोन सेंटीमीटर खांद्याला सोडवतात, कारण उजवा कोपर तेवढा खाली येतो. मित्रमंडळीत कुणाकडे ओएम असेल तर एक संध्याकाळ मागून आणा आणि घड्याळ लावून तासभर वाजवा.

ही सगळी मापं वहीत लिहून ठेवा. नवीन नट, ११ च्या तारा, नीट सेटअप: खर्च दोन हजारांच्या आगेमागे. दोन महिने तशी वाजवा. त्यानंतर जे खुपत राहील, तेवढ्याचीच नव्या गिटारीकडून अपेक्षा ठेवायची.

आता भावाच्या "जीव" या शब्दाकडे. मोठ्या कारखान्यात फ्रेटच्या खाचा, नेकचा आकार, बॉडीची कड यंत्र कापतं, आणि तिथे यंत्रच असावं. फ्रेटची खाच अर्धा मिमी इकडे-तिकडे झाली तर ते घर कायमचं बेसूर, त्यावर सेटअप नाही की उपाय नाही. उलट बाजूनं, हातानं बनवणारे कारागीरही जाडी काढायला सँडर आणि खाचांना साचा वापरतात, आणि कारखान्यातही ब्रेसेस (फळीला आतून आधार देणाऱ्या पट्ट्या) चिकटवणं, फ्रेट घासणं, पॉलिश ही कामं बरीचशी माणसंच करतात. तेव्हा हात विरुद्ध यंत्र अशी सरळ रेघ कुठेच नाही.

खरा फरक आहे तो वरच्या फळीच्या शेवटच्या अर्ध्या मिलिमीटरात. स्प्रूसच्या (वरच्या फळीचं नेहमीचं लाकूड) दोन फळ्या सारख्या ताठ कधीच नसतात. कारखाना दोन्ही ठरलेल्या जाडीला उतरवतो, समजा २.८ मिमी, कारण ती गिटार कुणाच्याही घरी, कुठल्याही हवेत वॉरंटीत टिकली पाहिजे. चांगला कारागीर फळी हातात वाकवून, टिचकी मारून बघतो आणि एक २.५ वर थांबवतो, दुसरी ३ वर. ब्रेसही तसेच तासतो. भाऊ ज्याला जीव म्हणतो त्याचा पत्ता बहुतेक इथे आहे. पण हाच अर्धा मिमी उलटूही शकतो. फळी फार पातळ केली की पहिली दोन वर्षं गिटार खणखणीत बोलते, मग ब्रिजच्या मागे पोट सुटतं, ॲक्शन (तारांची फ्रेटपासूनची उंची) चढते आणि नेक काढून पुन्हा बसवावी लागते. भीतीनं जाड ठेवली तर आवाज पेटीतच बसतो. आठ-दहा गिटारी बनवलेल्याला हा अंदाज नसतो. म्हणून "हातची आहे का?" याऐवजी कितवी आहे, हे विचारा.

आणि कंपनीच्या "कस्टम" शब्दाबद्दल थोडी नाराजी व्यक्त करू द्या. बहुतेक कस्टम विभागांत तुम्ही एक लांब फॉर्म भरता: बॉडीचा आकार, लाकूड, कडेची पट्टी, इनले (शिंपल्याचं जडणकाम), नटाची रुंदी, पॉलिशचा रंग. यादीबाहेर जाता येत नाही, आणि जे आवाजाला लागतं त्यातलं फार थोडं यादीत असतं. फळीच्या दर्जापुढची "एएए" ही अक्षरंसुद्धा प्रामुख्यानं दिसण्याची असतात: रेषा किती दाट, किती सरळ, रंग किती एकसारखा. सराफ्यात दागिना घेताना तुम्ही सोन्याचा भाव, वजन आणि घडणावळ वेगवेगळी विचारता ना? इथेही विचारा. २ लाख ९० हजारांतले स्टँडर्ड मॉडेलचे किती, लाकडाच्या अदलाबदलीचे किती, शिंपल्याचे किती, आयात कर आणि पोचवणं धरून किती. उत्तर आलं की तुमच्या लक्षात येईल, जास्तीचे पैसे बरेचसे डोळ्यांसाठी आहेत.

मिस्टरांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. नामांकित कंपनीचं स्टँडर्ड मॉडेल विकायला सोपं, कारण घेणाऱ्याला नावावरून कळतं काय मिळणार. पण यादीतून जुळवलेली, बाराव्या फ्रेटवर कुणाच्या तरी मुलीचं नाव कोरलेली गिटार दुसरं कोण घेणार? विक्रीची किंमत जपायची असेल तर कस्टम नको, आणि कस्टमच हवी असेल तर विक्रीचा हिशोब मनातून काढून टाका.

रोझवुडचं पटकन सांगते. कंपनीच्या फॉर्मवर "ईस्ट इंडियन रोझवुड" म्हणून जे दिसतं ती आपली शिसवी, आजीच्या कपाटाची. आपल्याकडचे सुतार ज्याला शीशम म्हणतात तो बहुतेक वेळा वेगळा वृक्ष असतो, भाऊबंद असला तरी. तेव्हा कारागीर नुसतं "शीशम" म्हणाला तर नेमका कुठला ते विचारून घ्या. ब्राझिलियन रोझवुडच्या वाटेला जाऊ नका. १९९२ पासून त्याचा आंतरराष्ट्रीय व्यापार सगळ्यात कडक बंदीच्या यादीत आहे आणि "माझ्याकडे जुनी फळी आहे" म्हणणाऱ्याकडे कागद क्वचितच असतात. आवाजाचं म्हणाल तर इंग्लंडमधल्या लँकेस्टर विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. बाकी सगळं सारखं ठेवून फक्त मागची-बाजूची लाकडं वेगळी अशा सहा गिटारी ५२ वादकांना लाकूड दिसणार नाही अशा तऱ्हेनं वाजवायला दिल्या. महाग आणि स्वस्त लाकडांच्या गुणांत सांगण्याजोगा फरक पडला नाही. शिसवी सुंदर दिसते, जरूर घ्या. पण तिच्या नावानं तीस-चाळीस हजार जास्त मागितले तर ते दिसण्याचे आहेत हे माहीत असू द्या.

आता ज्याचा उल्लेख तुमच्या पत्रात नाही आणि दोन्ही कोटेशनांतही नाही, त्या गोष्टीकडे येते. इंदूरची हवा.

एप्रिल-मेच्या दुपारी आपल्याकडे आर्द्रता २० टक्क्यांच्या खाली जाते आणि ऑगस्टमध्ये ८० च्या वर. लाकूड या हवेबरोबर पाणी घेतं आणि सोडतं. ४५ टक्के आर्द्रतेत मुरलेल्या लाकडात वजनाच्या सुमारे ८ टक्के पाणी राहतं, २० टक्के आर्द्रतेत साडेचार, आणि ७५ टक्क्यांत जवळजवळ १४. स्प्रूसची फळी पाण्याच्या दर टक्क्यामागे रुंदीत साधारण ०.१५ टक्के आकसते. ओएमची ३८० मिमीची फळी धरा. ४५ टक्क्यांत बांधलेली गिटार आपल्या मे महिन्यात आली तर ती फळी दोन मिमीच्या आसपास आकसू बघते. तीच गोव्याच्या दमट हवेत, ७५ टक्क्यांत, खिडक्या उघड्या टाकून बांधलेली असेल तर पाच मिमीच्या वर. आणि ती आकसू तर शकत नाही, कारण आतून ब्रेस आडवे चिकटलेले आहेत, आणि लाकूड लांबीत जवळजवळ आकसतच नाही. फळी खेचते, ब्रेस सोडत नाहीत. मग एखाद्या दुपारी बंद केसमधून "टक्" असा आवाज येतो. चीर बहुतेक मधल्या जोडावर, नाहीतर फिंगरबोर्डाच्या टोकापासून ब्रिजकडे जाते.

म्हणून कारागिराला पहिला प्रश्न लाकडाचा विचारू नका. विचारा: ब्रेस आणि पेटी चिकटवता त्या खोलीत आर्द्रता किती असते आणि ती मोजता कशानं? "४५ ते ५० ठेवतो, पावसाळ्यात डीह्युमिडिफायर चालतो, हा बघा मीटर" असं उत्तर आलं तर पुढे बोला. "लाकूड वीस वर्षं वाळलेलं आहे" हे उत्तर नव्हे. वीस वर्षं वाळलेली फळीसुद्धा दोन आठवडे दमट हवेत ठेवली की पाणी पिते. मोठ्या कारखान्यांचं खरं बळ इथे आहे: तिथली चिकटकामाची हवा वर्षभर ठरलेल्या आकड्यावर असते. यंत्रापेक्षा त्याचेच पैसे द्यावेत. अर्थात गिटार कुठूनही आली तरी नंतरची हवा तुमच्या घरची, आणि बहुतेक कंपन्यांच्या वॉरंटीत कोरडेपणानं किंवा दमटपणानं झालेलं नुकसान धरलेलंच नसतं. बारीक अक्षरात असतं, वाचून घ्या.

दुसरा प्रश्न दुरुस्तीचा. मिरजेहून तंबोरा आणणारा माणूस जवारी पुन्हा काढून घ्यावी लागणार हे धरूनच आणतो. सॉलिड (एकसंध) लाकडाच्या गिटारीचंही तसंच आहे. पहिल्या वर्षात लाकूड बसतं, सॅडल (ब्रिजवरची, तारा टेकतात ती पट्टी) थोडं घासावं लागतं, ट्रस रॉडला हात लावावा लागतो. डीलरला विचारा, वॉरंटीचं काम नक्की कुठल्या शहरात होतं आणि गिटार पाठवण्याचा खर्च कुणाचा. कारागिराला विचारा, पहिल्या वर्षाचं सेटअप किमतीत आहे का. आणि तो उद्या हे काम सोडून गेला तर दुसऱ्या कुणाला ती उघडता आली पाहिजे. त्यासाठी नेक बोल्टनं बसवलेली असावी, ट्रस रॉड दोन्ही दिशांना फिरणारा असावा, ट्यूनरची (खुंट्यांची) भोकं नेहमीच्या १० मिमीची, आणि ब्रिज उष्णतेनं सुटणाऱ्या सरसावर किंवा लाकडाच्या साध्या ग्लूवर चिकटवलेला असावा, इपॉक्सीवर नाही.

कारागिराकडे जाल तेव्हा त्याच्या हातच्या निदान तीन गिटारी वाजवा. त्यातली एक तरी तीन-चार वर्षं जुनी, आपल्यासारख्या कोरड्या गावात उन्हाळे काढलेली असावी. ती दाखवायला मालकाचा नंबर देत नसेल तर तेही उत्तरच समजा. प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर वाजवा, एकही सोडू नका. कंटाळवाणं आहे, पण बुटका किंवा उठलेला फ्रेट असाच सापडतो. बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तारेला नुसता स्पर्श करून निघणारा सूर) आणि तिथेच दाबलेला सूर ट्यूनरवर जुळतात का बघा. मोबाइलचा कॅमेरा आवाजाच्या भोकातून आत घालून व्हिडिओ घ्या: ब्रेसच्या टोकाखाली फट, वाळलेल्या ग्लूचे ओघळ, भरायला घातलेली लाकडाची पाचर, सगळं दिसतं. सॅडल ब्रिजच्या वर साधारण ३ मिमी दिसायला हवं आणि तारा फळीपासून तिथे १२-१३ मिमी उंच. ॲक्शन चढलेली असूनही सॅडल दीड मिमीच उरलं असेल, तर नेकचा कोन चुकलाय आणि ती गिटार कितीही गोड वाजली तरी पुढे दहा-वीस हजारांचं काम मागणार आहे.

निम्मी रक्कम आगाऊ देऊ नका. लाकूड घेण्यापुरती तीस टक्के, पेटी बंद करण्याआधी आतून ब्रेसचे फोटो आले की तीस, आणि उरलेली वाजवून पाहिल्यावर. कागद एकच पुरे, पण त्यावर आकडे हवेत: स्केल ६३२, नट ४४.५, ब्रिजपाशी तारांची रुंदी ५५ ते ५६, खोली १०५, बाराव्या फ्रेटवर २.३ आणि १.८ मिमी, तारा ११-५२. "नेक बारीक हवी" असं लिहू नका. तुमची बारीक आणि त्याची बारीक वेगळी असते. आवडलेल्या एखाद्या गिटारीच्या पहिल्या आणि नवव्या फ्रेटवर नेकची जाडी कॅलिपरनं मोजून तो आकडा द्या. आवाजाबद्दल विशेषणं कमी, उदाहरणं जास्त द्या. तुमच्या गाण्याचं आणि वाजवण्याचं मोबाइलवरचं दोन मिनिटांचं रेकॉर्डिंग "वॉर्म पण क्लिअर" या तीन शब्दांपेक्षा त्याला जास्त सांगेल. पॉलिशचंही ठरवून घ्या. लाखेचं फ्रेंच पॉलिश फार देखणं, पण घाम, उष्णता आणि सॅनिटायझर लागलेला हात त्याला सोसत नाही. मेमध्ये पंख्याखाली उघड्या कोपरानं वाजवणार असाल तर पातळ पॉलियुरेथेन बरं.

मग घ्यावी कुठली? माझं मत विचाराल तर कंपनीची कस्टम यादीतून काढून टाका. तिच्यात दोन्हीकडचे तोटे एकत्र आले आहेत: कारखान्याच्या ठरीव जाडीची फळी, आणि तरीही आधी वाजवून न पाहता घ्यायची, नऊ महिने थांबायचं, परत करता येत नाही. अंगठा आणि खांदा यांचं काम यादीतल्या कुठल्या खुणेनं होत असतं, उदाहरणार्थ फक्त डावखुरी गिटार हवी असती आणि दुकानात मिळत नसती, तर गोष्ट वेगळी होती. तुमचं तसं नाही. तुम्हाला जी मापं हवीत ती स्टँडर्ड मॉडेलांत मिळतात. तेव्हा सेटअपचे दोन महिने झाले की पट्टी पर्समध्ये टाका, अवंतिका एक्सप्रेसनं संध्याकाळी निघून सकाळी मुंबईत उतरा, आणि दोन-तीन मोठ्या दुकानांत ओएम, ट्रिपल-ओ आकाराच्या सहा-सात गिटारी दिवसभर वाजवा. एकाच मॉडेलच्या दोन असतील तर दोन्ही. त्यांच्यातला फरक ऐकून थक्क व्हाल, आणि न ऐकता मागवणं किती अंधारातलं आहे तेही कळेल. एखादी हातात घेताच खांदा विसरायला लावणारी निघाली तर तीच आणा. तीन लाखांत बऱ्याच चांगल्या बसतात, आणि उरलेल्यात हार्ड केस, मीटर, वर्षाचं सेटअप होऊन जातं. मागच्या-बाजूच्या फळ्या लॅमिनेटच्या (पातळ थर चिकटवून केलेल्या) असल्या तर नाक मुरडू नका; आपल्या उन्हाळ्यात त्या निवांत राहतात. फक्त वरची फळी सॉलिड असू द्या.

त्या सगळ्यांतूनही नेक हाताला बसलीच नाही, किंवा आकडे दोन मॉडेलांच्या मधे कुठेतरी पडले, तर कारागिराकडे जायचं कारण खरं आहे. मग आनंदानं जा, पण मीटर दाखवणाऱ्याकडे. आणि ताबा दसऱ्यापासून पुढे जानेवारीपर्यंत घ्या, म्हणजे पहिला उन्हाळा येईपर्यंत तिची-तुमची ओळख झालेली असेल. पार्सलनं येणार असेल तर तारा दोन सूर उतरवून, हेडस्टॉकच्या (खुंट्या असतात त्या टोकाच्या) खाली आणि दोन्ही बाजूंना कापड कोंबून पाठवायला सांगा. वाहतुकीत मोडतं ते बहुधा तिथेच. आल्यावर केस लगेच उघडू नका, रात्रभर तशीच राहू द्या.

घरी आल्यावर दोन वस्तू लागतील. चार-पाचशे रुपयांचा डिजिटल हायग्रोमीटर, आणि तो खरं बोलतो का बघायला चमचाभर मीठ. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, ओलं चिखलासारखं होईल इतकंच पाणी टाका, मीटरसकट हवाबंद डब्यात दिवसभर ठेवा. आकडा ७५ दाखवायला हवा. ७० दाखवला तर तो नेहमी पाच कमी सांगतो एवढं लक्षात ठेवायचं. मार्च संपता संपता भोकं पाडलेल्या साबणाच्या डबीत घट्ट पिळलेला स्पंज घालून ती केसमध्ये हेडस्टॉकपाशी ठेवा आणि दर तीन-चार दिवसांनी भिजवा. फ्रेटची टोकं बोटाला टोचायला लागली की फिंगरबोर्ड आकसलाय, म्हणजे तुम्हाला आधीच उशीर झालाय. ब्रिजच्या मागे पट्टी आडवी ठेवून बघा: फळीला थोडा फुगवटा हवा, पट्टीखाली मध्ये खड्डा दिसला तर वाजवणं थांबवून आधी ओलावा. आणि कूलर! दिवसा कूलरची खोली दमट, रात्री बंद केला की पहाटेपर्यंत पुन्हा कोरडी. भिंतीवर टांगलेल्या गिटारीला हे रोजचं चढउतार सोसत नाही. उन्हाळ्यात ती केसमध्येच झोपू दे. पावसाळ्यात स्पंजच्या जागी सिलिका जेलची दोनशे ग्रॅमची पिशवी.

राहिलं मुलीचं नाव. बाराव्या फ्रेटवर शिंपला बसवायला फिंगरबोर्ड कोरावा लागतो, आणि पुढे कधी फ्रेट बदलताना तिथे काम करणाऱ्याचा हात थरथरतो. कारागिराकडे गेलात तर पेटी बंद करण्याआधी मागच्या फळीवर आतून, भोकाच्या बरोबर खाली, तिलाच पेन्सिलीनं तिचं नाव लिहू द्या. कंपनीची घेतलीत तर तेच एका छोट्या कागदावर लिहून लेबलाशेजारी चिकटवता येईल, साध्या खळीनं.